गुजरीचा केर, उद्यमनगरची पन्हळ

पंचगंगेत सोनं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी स्लूस बॉक्स, म्हणजे वाहत्या पाण्यात सोन्याचे कण धरायची पेटी, बनवायला घेतलाय म्हटल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं त्यानं मला नदीचंच विचारलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून उतरून येतात. तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात सोन्याच्या शिरा नसतात. नदीकाठच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं तर काळी भुकटी भसाभसा चिकटते, ती मॅग्नेटाइटची. सोन्याच्या शिरा लागतात त्या कर्नाटकात, धारवाडी खडकांच्या पट्ट्यांत. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण अजून चालू आहे, कोलारची २००१ साली बंद पडली. शिवाय १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचा नुसता शोधही घेता येत नाही. अमेरिकेतल्या हौशी लोकांचे व्हिडिओ बघून घमेलं घेऊन नदीवर जायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो तिथंच सोडावा.

माझं सोनं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारपेठेत होतं, दाजींच्या माडीवर, सिमेंटच्या पोत्यांत.

दाजी सोन्याचे कारागीर. पेढीवर दागिना चमकतो, पण घडतो तो मागच्या बोळातल्या माडीवर, मांडी घालून बसलेल्या माणसांच्या हातात. कानस चालते, करवत चालते, पॉलिश पेपर चालतो आणि प्रत्येक घासणीला थोडा कीस उडतो. बराचसा समोरच्या खणात पडतो, तो रोजच्या रोज गोळा होतो. उरलेला कपड्यांत, चटईत, केसांत, बोटांच्या रेषांत जाऊन बसतो. म्हणून कारागीर हात नळाखाली धूत नाहीत, पिंपात धुतात, आणि झाडलोटीचा केर बाहेर टाकत नाहीत, पोत्यात भरतात. हा केर दरसाल झारेकऱ्यांना उक्ता विकायची रीत. झारेकरी म्हणजे सोनारांचा केर आणि गुजरीतल्या गटारांचा गाळ धुऊन त्यातून सोनं काढणारे पिढीजात लोक. पोत्यात हात घालून, चिमूट चोळून ते भाव सांगतात आणि तो भाव बहुतेक वेळा दोघांनाही पटतो.

तोळ्याचा भाव लाखाच्या पुढं गेल्यापासून मात्र दाजींना पोत्यांकडं बघून झोप लागेना. "पावणं, अमेरिकेतली माणसं एवढ्याशा पेटीत सोनं धरत्यात. तुमी एवढी फॅब्रिकेशनची कामं करता, तुमाला जमत न्हाई व्हय?" असं त्यांनी ताईसमोर म्हटल्यावर माझ्यापुढं दुसरा मार्गच उरला नाही.

स्लूस बॉक्स म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली एक उतरती पन्हळ. तळाशी खरखरीत काहीतरी अंथरायचं, त्यावर आडव्या पट्ट्या बसवायच्या, वरून पाणी सोडायचं आणि त्या पाण्यात माती घालायची. हलकं वाहून जातं, जड अडकतं. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात लोकांनी फळ्या ठोकून असल्या पन्हळी लांबच्या लांब मांडल्या होत्या. त्याच्या कितीतरी आधी काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांत मेंढीचं कातडं ओढ्यात अंथरून सोन्याचे कण धरायचे. यंत्र असं त्यात काहीच नाही. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, साध्या वाळूची २.६५ पट. पाण्यात बुडाल्यावर दोघांचीही एकेक वजा होते, म्हणजे राहतात १८.३ आणि १.६५. पाण्याखाली सोनं सारख्या आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा अकरा पट जड होतं. दाजींचं सोनं शुद्ध नव्हे. २२ कॅरेटचं साडेसतरा-अठराच्या घरात आणि १८ कॅरेटचं पंधरा-सोळाच्या, तरी फरक भरपूर उरतो.

हे गणित कागदावर इतकं सोपं आहे की माणूस पेटीच्याच मागं लागतो. मीही आधी पेटीच केली.

अ‍ॅल्युमिनियमचा १६ गेजचा पत्रा घेतला. लोखंडी पत्रा स्वस्त पडला असता, पण तो गंजतो आणि पुढं चुंबक फिरवायचा तर सगळीकडं आडवा येतो. चार फूट लांब, चौदा इंच रुंद पट्टा कापून बेंडिंग मशीनवर त्याचा यू मारला : तळ सहा इंच, दोन्ही बाजू चार-चार इंच. व्हिडिओतल्या पेट्या दहा-बारा इंच रुंद असतात, पण त्या वाहत्या नदीत ठेवलेल्या असतात. मला पाणी पंपानं द्यायचं होतं. रुंदी वाढवली की तेवढंच पाणी पसरून पातळ होतं आणि त्याचा जोर मरतो. बारीक मालाला अरुंद पेटीच बरी.

वरचा एक फूट मोकळा ठेवला. तिथं पाणी आणि माल यांची गाठ पडते, ढेकळं फुटतात आणि जड कण तळाला यायला सुरुवात होते. त्याच्या खाली अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, दीड-दीड इंचावर. पट्टी सरळ उभी करायची नाही, तिचं डोकं पाण्याच्या दिशेनं पुढं झुकलेलं हवं. पाणी पट्टीवरून उडी मारून पुढं जातं आणि पट्टीच्या पोटाखाली उलटा भोवरा तयार होतो. दिवाळीच्या गर्दीत महाद्वार रोडवर खांबाच्या आड उभं राहिलं की सगळं जग पुढं ढकललं जात असतं आणि आपण जागच्या जागी राहतो, तसं त्या भोवऱ्यात जड कणाचं होतं. वाळूचा कण मात्र तिथूनही उचलला जातो.

शेवटच्या दीड फुटात पट्ट्या नाहीत, एक्सपांडेड मेटलची, म्हणजे पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली जाळी घातली. ही जाळी चपटी करून न घेता उठावाची घ्यायची आणि योग्य बाजूनं बसवायची. पाणी प्रत्येक घराचा चढ चढलं पाहिजे आणि पलीकडं धपकन उतरलं पाहिजे. उलटी बसवली तर नुसती शोभेची. पट्ट्या आणि जाळी दोन वेगळ्या चौकटींत रिव्हेट मारून बसवल्या, म्हणजे विंग नट सैल केले की चौकट अख्खी उचलून बाहेर. ती खालच्या अंथरणावर घट्ट दाबून बसायला हवी. मध्ये फट राहिली तर पाणी खालून वाट काढतं आणि अडकलेलं सगळं घेऊन जातं.

अंथरणाला घोंगडी वापरली. मेंढीच्या कातड्याची गोष्ट वाचली तेव्हाच मनात आलं होतं की असलं काम आपल्याकडं घोंगडीशिवाय कोण करणार. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत घेतलेली एक जुनी घोंगडी घरात होती, बसून बसून विरलेली. नवी असती तर चालली नसती. नव्या लोकरीला तेलकटपणा असतो आणि तेल लागलेला सोन्याचा बारीक कण बुडायचं सोडून पाण्यावर तरंगतो. जुनी घोंगडी धुण्याच्या सोड्यात उकळून, खळखळून धुऊन, सहा इंचांची पट्टी कापून घातली. मोकळ्या भागात मात्र काळं रेघांचं रबर चिकटवलं. काळ्यावर पिवळं लगेच दिसतं, आणि वरच्या फुटातच पिवळं दिसायला लागलं की पाणी ठीक आहे समजायचं. घोंगडीचा आणखी एक फायदा आहे. तिच्या विणीत इतकं बारीक सोनं रुतून बसतं की धुऊनही निघत नाही. शेवटी ती वाळवून जाळायची आणि राख मुशीत घालायची. प्लास्टिकच्या कार्पेटचं असं करायला गेलं तर धुरानं गल्लीतली माणसं भांडायला येतील.

इथपर्यंतचं काम कुठलाही फॅब्रिकेटर करेल. खरं काम पाण्याचं.

आधी कूलरचा पंप लावून बघितला. चार फुटांच्या पेटीत त्याचं पाणी लाजत लाजत उतरत होतं. मग अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक लावला आणि कमीजास्त करता यावं म्हणून बायपासला एक कॉक. पंपाचं पाणी थेट पेटीत सोडलं की ते एका बाजूनं उसळतं, म्हणून वरच्या तोंडाला एक छोटी टाकी केली. पाणी तिच्यात भरून काठावरून सहा इंचांच्या रुंदीत सारखं सांडतं. वीस लिटरची बादली वीस सेकंदांत भरेल एवढ्यावर कॉक ठेवला, म्हणजे मिनिटाला साठ लिटर. उताराला पायांत लांब बोल्ट घातले. नेहमीचा नियम फुटाला एक इंच, चार फुटांना चार इंच. तिथून सुरुवात करायची आणि मग पाण्याकडं बघत बसायचं.

हे बघणं शिकायला मला पेटी करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. चाळलेली प्लास्टरची वाळू थोडी थोडी सोडायची आणि पट्टीच्या मागं काय होतंय ते बघायचं. दोन पट्ट्यांमधली जागा वाळूनं गच्च भरून घट्ट बसली, तर उतार कमी आहे किंवा पाणी कमी आहे. भोवरा मेला की नंतर येणारा जड कण त्या वाळूवरून घसरत निघून जातो. जागा तळापर्यंत लख्ख धुतली गेली तर जोर जास्त झाला. बरोबर तेव्हा, जेव्हा पट्टीच्या मागची वाळू सतत नाचत असते आणि अर्धी जागा मोकळी असते. बोल्टचा एक आटा इकडचा तिकडं झाला तरी हे चित्र बदलतं. कॉक आणि बोल्ट दोन्ही एकदम हलवले तर कशानं काय झालं ते कळत नाही.

चित्र ठीक वाटलं तरी दाजींचा माल घालायच्या आधी परीक्षा घेतली. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची शिशाची जुनी वजनं आणली, ठोकून पातळ केली आणि कात्रीनं मोहरीहून बारीक पन्नास तुकडे केले. हातमोजे घालून, कारण शिसं हाताला लागून पोटात जायला नको. ते वाळूत मिसळून पेटीतून सोडले. शिशाची घनता ११.३, सोन्याहून बरीच कमी. म्हणजे शिसं थांबलं तर तेवढ्या आकाराचं सोनं नक्की थांबणार. बहुतेक तुकडे पहिल्या चार पट्ट्यांत सापडले. जाळीत एखाददुसरा. जड माल वरच साठतोय याचा अर्थ खालची लांबी फक्त राखणीला आहे, आणि ती तशीच असायला हवी.

मग केर. केर म्हणजे काय असतं ते पोतं उघडल्याशिवाय कळत नाही. केस, ब्रशचे दात, पॉलिश पेपरचे तुकडे, कोळसा, साजाच्या पानांत भरायची लाख, चहाच्या कागदी कपांचे बूड आणि बाकी धूळ. हे थेट पाण्यात घातलं तर सगळं तरंगून सोन्याला पाठीवर घेऊन जाईल. म्हणून आधी भाजायचं. वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी ट्रेमध्ये, कोळशाच्या भट्टीवर, हलवत हलवत. लाख जळताना जो वास सुटतो त्याचं वर्णन करत नाही. राख थंड झाल्यावर स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून तिच्यातून फिरवलं. कानशींचं लोखंड खूप निघतं. पण त्या लोखंडाच्या झुबक्यात सोन्याचे कण अडकलेले असतात, ते झटकून पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. दाजी तिथंच पाटावर बसून होते. ते चुंबकाकडं बघत नव्हते, माझ्या बोटांकडं बघत होते.

चाळणं टाळता येत नाही. पॉलिश पेपरच्या दाण्याची घनता चारच्या जवळ असते, पण तो मोठा असेल तर बारीक सोन्याइतक्याच वेगानं बुडतो. आकार सारखे असतील तेव्हाच वजनाचा फरक पाणी ओळखू शकतं. फाउंड्रीत वाळू तपासायच्या चाळण्या असतात, त्यातल्या ३० आणि ६० मेशच्या (मेश म्हणजे इंचाला किती घरं) मागून आणल्या. जाड, मध्यम, बारीक असे तीन ढीग केले आणि एकेक ढीग वेगळा सोडला. प्रत्येक ढीग आधी बादलीत भिजवून, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळला, म्हणजे तेलकटपणा सुटतो. दोनच थेंब. पाणी पुन्हा पुन्हा फिरत असतं, साबण जास्त झाला की पंप फेस ओकतो. पेटीखाली तीन टब एकापुढं एक ठेवले होते. गाळ पहिल्यात बसतो, निवळ पाणी काठावरून पुढच्यात जातं आणि पंप तिसऱ्यातून उचलतो.

माल चमच्यानं घालायचा असतो. दाजींना ओगराळ्यानं घालायची घाई. "एवढ्यात तर मी अंगठी घडवली असती," असं म्हणून ते खाली चहाला गेले, तेवढ्यात मी जाड ढीग संपवला. परत आले तेव्हा काळ्या रबरावर पिवळी रेघ उमटलेली होती. खोटं कशाला सांगू, रेघ म्हणण्याइतकी ती सलग नव्हती. पण दाजी वाकून बघत राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ.

बारीक ढिगाबद्दल मला शंका होती. पेटीनं किती धरलं ते दिसतं, किती सोडलं ते दिसत नाही. म्हणून वाहून गेलेला गाळ टाकला नाही. दाजींच्या ओळखीच्या एक झारेकरी मावशी आहेत, त्यांना बोलावलं. आधी सौदा झाला. "निघंल ते माझं, न्हाई निघालं तर हजेरी तुमची," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं, दाजींचा चेहरा पडला. मावशींनी पेटीला हात लावून बघितला, घोंगडी चिमटीत धरून बघितली, बऱ्या आहेत एवढंच म्हणाल्या, आणि टबापाशी बसून परात फिरवायला लागल्या. मनगटाच्या त्या हिसक्यात उतार आणि पाणी दोन्ही येतं, आणि ते दर फेरीला बदलतं. माझ्या बोल्टला ते जमणार नाही. जाड आणि मध्यम गाळातून त्यांना जवळपास काही मिळालं नाही. बारकातून मात्र परातीच्या काठाला बरंच काही जमलं, ते त्यांनी पुडीत बांधलं आणि कमरेला खोचलं. "तुझं पानी लई पळतंय. बारकं दानं त्याच्या संगं पळत्यात."

त्यानंतर बारकासाठी उतार फुटाला अर्ध्या इंचावर आणला, कॉक निम्मा केला, पट्ट्यांची चौकट काढून पेटीभर नुसती जाळी घातली. मावशींना पुन्हा गाळ दिला तेव्हा पुडी बांधण्याइतकं निघालं नाही. त्यांनी हजेरी घेतली, आणि दाजींनी ती आनंदानं दिली.

जुन्या पद्धतीत यापुढं पारा यायचा. पाऱ्यात सोनं विरघळवून गोळी करायची आणि ती तापवून पारा उडवायचा. तो उडालेला पारा माणसाच्या छातीत जातो, मेंदू आणि मूत्रपिंड खराब करतो. मी पारा आणू दिला नाही. घोंगडी बादलीत झटकून, राहिलेला माल परातीत धुऊन धुऊन कमी केला. जे उरलं ते सोनं, चांदी, तांबं, थोडा पॉलिश पेपरचा कच असं मिश्रण होतं. ते आणि घोंगडीची राख घेऊन आम्ही गलाईवाल्याकडं गेलो. हे लोक विट्याकडचे, खानापूर-आटपाडी भागातले. देशात कुठल्याही शहरात सोनं-चांदी गाळणारा माणूस शोधा, तो त्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला निघण्याची शक्यता मोठी. टांकणखार घालून मुशीत वितळवलं, कच काचेसारखा वर आला, खाली मळकट पिवळी गोळी. मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, शुद्ध करायची. त्यासाठी आधी त्यात उलट आणखी चांदी मिसळतात, सोनं चौथा हिस्सा उरेल इतकी, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. तांबूस धूर निघतो तो जीवघेणा असतो. त्यांच्याकडं धुराडं आहे, सवय आहे. घरी हे करू नये आणि वर्कशॉपमध्येही करू नये.

किती निघालं हा आकडा लिहायचा नाही असं दाजींनी बजावलंय. दरवर्षीच्या उक्त्या भावापेक्षा जास्त निघालं, पंपासकट पेटीचा खर्च सुटला, आणि ताईनं त्यातलं काही मागितल्यावर दाजींनी विषय बदलला, एवढं लिहायला हरकत नसावी. गलाईवाल्यानं स्वतःसाठी एक पेटी सांगितली आहे, स्टीलची, कारण त्याच्याकडं तेजाबाच्या हवेत अ‍ॅल्युमिनियम टिकणार नाही. मावशींनी सांगितलेली नाही.

सध्या हात धुण्याच्या पाण्याचं पिंप माझ्याकडं येऊन पडलंय. त्याच्या तळाचा गाळ इतका बारीक आहे की चिमटीत धरला तर लोण्यासारखा लागतो. दाजींचं म्हणणं, यासाठी पण काहीतरी करा. पण असल्या गाळाला कुठलीच पन्हळ धरत नाही. तो नुसता थिरावू द्यायचा, वरचं निवळ ओतून टाकायचं, उरलेला वाळवायचा आणि सरळ मुशीत घालायचा. त्यात फॅब्रिकेशनचं काम काहीच नाही, म्हणून पिंप परत घेऊन जा असं मी त्यांना सांगितलंय.